वर्धेच्या खोऱ्यातील जळणाचा हिशेब

वर्ध्याहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वरोरा मागे पडले की थोड्याच वेळाने माजरी हे जंक्शन लागते. येथून एक फाटा पश्चिमेकडे वळतो आणि वर्धा नदी ओलांडून वणी-राजूरच्या बाजूस जातो. स्थानक मोठे नाही. दिल्ली-मद्रास मार्गावरील जलद गाड्यांच्या प्रवाशांपैकी या नावाकडे लक्ष देणारा विरळाच. तथापि पुण्यामुंबईच्या घरात संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी जी कळ दाबली जाते, तिचा धागा मागे मागे शोधीत गेल्यास तो ज्या काही थोड्या ठिकाणी जाऊन पोचतो त्यांपैकी माजरीचा परिसर हे एक आहे. येथे कोळशाच्या खाणी आहेत; आणि येथील कोळसा जळतो तो बहुधा दुसऱ्याच्या सोयीसाठी.

काटकसर हा शब्द कानी पडला की सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढे पैशाचा हिशेब उभा राहतो. जळणाचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. वास्तविक पाहता घर आणि प्रवास, म्हणजे चूल आणि चाक, या दोहोंचा खर्च मुळात जळणाचाच खर्च होय, आणि पैसा हे त्याचे केवळ बाह्य रूप. हा हिशेब कसा मांडावा याविषयी गेल्या दीडशे वर्षांत जे प्रयोग व जे विचार झाले, त्यांपैकी काही अत्यंत महत्त्वाचे याच वर्धा खोऱ्यात, माजरीच्या आगेमागे, झालेले आहेत.

कोळसा येण्यापूर्वी या मुलखातील घर कशावर चालत असे? पूर्वेस झाडीचा प्रदेश. तेथे सरपण डोक्यावरच्या मोळीने येई. पश्चिमेस काळी, कापसाची जमीन. तेथे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुऱ्हाट्या यांच्या गंज्या घरामागे रचलेल्या असत. शेणाच्या गोवऱ्या दोन्हीकडे होत्याच. चुलीला लागून वैल असे. मुख्य जाळावर भात शिजत असता त्याच जाळाची वाया जाणारी धग वैलावरच्या वरणाला किंवा आंघोळीच्या पाण्याला मिळे. रात्री निजण्यापूर्वी निखारा राखेत पुरून ठेवीत. सकाळी तोच उकरून फुंकला की नवी काडी लागत नसे. राख भांडी घासण्यास आणि धान्याला कीड लागू नये म्हणून वापरीत. प्रवास पायी, नाही तर बंडीने; आणि बंडीचे बैल जे खात, तो कडबा त्याच शेतातून निघे. या साऱ्या व्यवस्थेला कोणी पर्यावरणाचे नाव दिलेले नव्हते. जेवढे उगवे तेवढ्यात भागवावे लागे, एवढेच.

परंतु त्या चुलीचे पोवाडे गाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. तिच्यापुढे बसणाऱ्या बाईचे डोळे धुराने जात, आणि सरपण आणण्यास तिलाच रानात कोसभर चालावे लागे. उघड्या चुलीत लाकडातील उष्णतेच्या शंभर भागांपैकी सुमारे दहा भाग भांड्याला मिळतात. बाकीचे धूर, भिंती आणि त्या बाईचा चेहरा यांच्या वाट्यास जातात. तेव्हा जुने ते सारे काटकसरीचे, हा समज अर्धाच खरा आहे.

या जमिनीखाली दुसरेच जळण पडलेले होते. पंचवीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी वाढलेल्या अरण्यांचा तो कोळसा. ज्या खडकांत तो सापडतो त्यांना भूगर्भशास्त्रज्ञांनी गोंडांच्या या भूमीवरून गोंडवन हे नाव दिले, आणि १८८५ साली ऑस्ट्रियाच्या एडुआर्ट झ्यूस यांनी दक्षिणेकडील प्राचीन महाखंडासही तेच नाव लावले. चांद्याच्या राजांचे राज्य लयास गेले. त्या लोकांचे नाव मात्र जगातील प्रत्येक भूगर्भशास्त्राच्या ग्रंथात राहिले. त्यांच्या वंशजांना त्याचा उपयोग काय झाला, हा प्रश्न निराळा.

१८७१ साली सरकारने वरोऱ्यास खाण उघडली, आणि त्याच दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग आणला. आगगाडीला कोळसा हवा म्हणून खाण, आणि खाणीचा कोळसा वाहण्यास पुन्हा आगगाडी, असे हे परस्परावलंबन होते. त्यात जंगलही ओढले गेले. एक मैल लोहमार्ग घालण्यास त्या काळी पावणेदोन ते दोन हजार लाकडी स्लीपर लागत, आणि ते कुजले की पुन्हा नवे घालावे लागत. कोळशाने लाकूड वाचेल अशी कोणाची कल्पना असेल तर ती निदान आरंभी फोल ठरली. या खोऱ्यातील कोळसा हवेत राहिला की आपोआप तापून पेटण्याची खोड असलेला. वरोऱ्याची खाण अखेर १९०६ साली बंद झाली. जेमतेम पस्तीस वर्षांचे तिचे आयुष्य! तोपर्यंत बल्लारपूरकडे लक्ष वळले होते. लोहमार्ग पुढे दक्षिणेस वाढत गेला, १९२९ मध्ये तो काझीपेठेशी जोडला गेला, आणि वणीकडील फाट्यामुळे माजरी जंक्शन झाली.

वरोऱ्याच्या खाणीपूर्वी सहा वर्षे, १८६५ साली, इंग्लंडात विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने कोळशाच्या प्रश्नावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यातील एक सिद्धांत आजही गृहस्थाला चमत्कारिक वाटेल. यंत्र सुधारून कमी कोळशात तेच काम होऊ लागले, म्हणजे कोळसा वाचतो असे नव्हे; काम स्वस्त झाल्यामुळे ते अधिक ठिकाणी होऊ लागते आणि एकंदर कोळसा पूर्वीपेक्षा जास्तच जळतो. वाफेच्या इंजिनाचा इतिहास त्याने पुराव्यादाखल मांडला होता. घरगुती उदाहरण घ्यावयाचे तर, विजेचा पंखा कमी विजेवर चालू लागला म्हणून एकाऐवजी प्रत्येक खोलीत पंखा आला, यासारखे हे आहे. केवळ बचतीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी जेव्हन्सला उत्तर देणे भाग आहे. ते उत्तर वर्ध्यास मिळाले. पण त्यास सत्तरएक वर्षे जावी लागली.

दरम्यान रानातून सरपण आणण्याचा प्रश्न कायद्याच्या कचाट्यात सापडला होता. १८७८ च्या व पुढे १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगले सरकारच्या ताब्यात गेली. गावकऱ्यांच्या जळणाची, गवताची व किरकोळ लाकडाची जी गरज मध्यप्रांतात ‘निस्तार’ या नावाने ओळखली जाई, ती हक्क न राहता परवानगीची बाब झाली. १९३० साली समुद्रकिनाऱ्यावर लोक मीठ उचलीत होते. वऱ्हाडात समुद्र नव्हता, तेथे लोकांनी गवत कापले. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव रानातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. अणे जन्माने वणीचे. माजरीहून निघणारा फाटा ज्या वणीस जातो, तेच हे गाव. गवताची एक पेंढी कापण्यात अर्थशास्त्र कोणते, असे कोणी विचारील. अर्थशास्त्र हेच की, दरसाल पुन्हा उगवणारी वस्तू गावाने घ्यावी की न घ्यावी हे कोणी ठरवावयाचे, याचा निकाल तेथे मागितला जात होता.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. शेठ जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत त्याचे ठाणे पडले आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हे नाव मिळाले. संघाचे कार्यवाह जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे तंजावरकडचे, लंडनमध्ये हिशेबतपासनिसाची विद्या शिकलेले आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केलेले गृहस्थ. ग्रामोद्योगाच्या कामास हिशेबतपासनीस मिळावा, ही योजना मोठी मार्मिक म्हटली पाहिजे. मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाशा यांचे प्रयोग चालत. त्याबरोबरच मगन चूल आणि मगन दीप ही दोन अगदी साधी साधने तेथे तयार झाली. मगन चुलीत धूर नळीवाटे बाहेर जाई आणि एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी तापत. जुन्या वैलाचे तत्त्व तेथे कायम राखून धुराचा जाच तेवढा काढून टाकलेला होता. मगन दीप हा घासलेटाऐवजी घाणीच्या तेलावर जळणारा कंदील. त्याचे कारण कुमारप्पांच्या दृष्टीने साधे होते: घासलेट परदेशच्या विहिरीतून येते आणि एकदा जळले की संपते, तीळ, करडई पुढल्या हंगामात पुन्हा पिकते.

दिव्याच्या तेलापासून निघालेला हा विचार पुढे त्यांच्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात पूर्णपणे मांडला गेला. १९४२ च्या आंदोलनानंतर कारावासात लिहिलेला हा ग्रंथ १९४५ मध्ये गांधीजींच्या प्रस्तावनेसह निघाला. त्याच्या आरंभीच एक भेद केलेला आहे. कोळसा, खनिज तेल, धातूंचे दगड ही मोजक्या प्रमाणात सापडणारी आणि वापरली की नाहीशी होणारी, म्हणून क्षणिक संपत्ती. नदीचे वाहते पाणी आणि रानातील सतत वाढणारे लाकूड ही त्या मानाने शाश्वत संपत्ती, मात्र वाढते तेवढेच घेतले तर. हिशेबतपासनिसाच्या भाषेत बोलावयाचे तर पहिली रक्कम मुद्दलाची व दुसरी व्याजाची. मुद्दल मोडून जो संसार करतो, तो कितीही हात आखडून खर्च करीत असला तरी त्याच्या खतावणीची अखेर ठरलेली असते. जेव्हन्सच्या कोड्याला हे उत्तर आहे. किती जळले हे विचारण्याच्या आधी जळण कोठून आले हे विचारावे. ज्या गावी बसून हा विचार घडला, तेथून वरोऱ्याची बंद पडलेली खाण अवघी पंचेचाळीसएक मैलांवर होती. कुमारप्पांच्या डोळ्यांपुढे नेमकी तीच होती की नाही, हे गौण आहे.

आता चूल आणि इंजिन यांची तुलना करून पाहावी. माजरीच्या रुळांवरून जी वाफेची इंजिने साठसत्तर वर्षे धावली, ती कोळशातील उष्णतेच्या शंभरांपैकी पाच-सहा, फार तर सात-आठ भागच चाकाला देत. म्हणजे गावंढळ म्हणून हिणवलेली मातीची चूल आणि सुधारणेची पताका म्हणून मिरवलेले इंजिन, दोन्ही उधळपट्टीत जवळपास सारखीच. इंजिनच किंचित पुढे. तरीही पोलादी चाक पोलादी रुळावरून फिरते, त्याला घर्षण फार थोडे. त्यामुळे इंजिन विजेवर चालू लागताच आगगाडी ही रस्त्यावरील मोटारीपेक्षा कित्येक पटींनी काटकसरीची ठरली. वाफेची इंजिने १९९० च्या दशकात रुंद रुळांवरून निघून गेली. इंजिनाच्या जोडीने शहरातली शेगडीही थोडी सुधारली होती. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली काढलेल्या ईकमिक कुकरात तळाशी थोडे निखारे घालून वर डबे रचीत, आणि दोन माणसांचे जेवण कोणी न राखता शिजे. आजच्या गृहिणींनी त्या उपकरणाकडे पुन्हा एकदा पाहावयास हरकत नाही. डाळ आधी भिजत घालणे, भांड्यावर झाकण ठेवणे, आच थोडी आधी बंद करून उरल्या वाफेवर शिजू देणे, या सवयी त्याच घराण्यातल्या आहेत.

स्वातंत्र्यानंतर या खोऱ्यात मुद्दल काढण्याचा वेग वाढला. १९७३ मध्ये कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण पुरे झाले आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी अस्तित्वात आली. भुयारातून कोळसा काढण्याऐवजी वरची जमीनच खरवडून काढणाऱ्या खुल्या खाणी माजरीच्या परिसरात पसरल्या. खुल्या खाणीत कोळशाआधी शेत निघते. काळ्या मातीचा थर, त्याखालचा मुरूम, त्याखालचा खडक, हे सारे बाजूला टाकले जाते आणि पूर्वी सपाट असलेल्या मुलखात राखाडी डोंगर उभे राहतात. १९८० च्या दशकात चंद्रपूरजवळ मोठे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. एक युनिट वीज निर्माण करण्यास आपल्याकडील कोळसा सुमारे ७०० ग्रॅम लागतो, असे धरल्यास हे केंद्र पूर्ण भाराने चालताना तासाला सुमारे दोन हजार टन कोळसा खाते. एक भरलेली मालगाडी सुमारे चार हजार टन आणते. म्हणजे ती दोन तासांची बेगमी. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक परिसरांची जी प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तीत चंद्रपूर चौथे होते.

हे आकडे मोठे आहेत खरे, परंतु ते स्वयंपाकघरापर्यंत आणता येतात. ६० वॅटचा जुना दिवा काढून त्या जागी तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर वर्षाला सुमारे ९३ युनिट वाचतात. सातशे ग्रॅमांच्या हिशेबाने तो सुमारे ६५ किलो कोळसा झाला. पाठीवर घेऊन उभे राहणे कठीण जावे एवढे हे ओझे, आणि तेही एका दिव्याचे. पूर्वी कोळसापट्ट्यातील कामगारांना घरगुती जळणासाठी कोळसाच मिळे आणि संध्याकाळी चाळींवर शेगड्यांचा निळा धूर तरंगत राही. आता बहुतेक ठिकाणी सिलिंडर आले. त्या घरांतील स्त्रियांच्या फुफ्फुसांच्या दृष्टीने ही गोष्ट निःसंशय चांगली झाली. मात्र कुमारप्पांच्या खतावणीत तो वायूही मुद्दलाच्याच बाजूला पडतो, आणि देशाला लागणाऱ्या त्या वायूचा निम्म्याहून अधिक भाग समुद्रापलीकडून येतो.

रस्त्यावरील काटकसरीचा विचार मागाहून झाला. जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्रामला एका परिषदेसाठी इव्हान इलिच आले होते. गांधीजींची माती, बांबू, लाकूड व कौले यांची कुटी पाहून त्यांनी तेथे जे भाषण केले ते पुढे पुष्कळ वाचले गेले. त्याआधी चार वर्षे प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी वाहतुकीविषयी एक तिखट सिद्धांत मांडला होता: वेग एका मर्यादेपलीकडे गेला की वेगाने जाणाऱ्याचा वेळ वाचत नाही, तो दुसऱ्याकडून हिरावून घेतला जातो, आणि माणसाच्या स्वतःच्या बळावर चालणाऱ्या वाहनांत सायकलीस तोड नाही. कुटी आणि सायकल यांचा मेळ या खोऱ्यात लवकरच प्रत्यक्ष दिसला. वरोऱ्याच्या खडकाळ माळावर बाबा आमटे यांनी वसविलेल्या आनंदवनाचे हे स्थान त्या जुन्या खाणीच्याच गावाजवळ आहे. तेथे लाकडाचा वापर टाळून विटांच्या कमानींनी तोललेली घरे पुढे बांधली गेली. डिसेंबर १९८५ मध्ये बाबांनी कन्याकुमारी ते काश्मीर अशी सुमारे पाच हजार किलोमीटरांची भारत जोडो यात्रा काढली, आणि तिच्यातील तरुण-तरुणी सायकलींवर होते. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना स्वतः गाडीत पडूनच प्रवास करावा लागला. तिचा हेतू राष्ट्रीय ऐक्याचा होता, इंधनाचा नव्हे. परंतु देशाची लांबी पेट्रोलावाचून तोडता येते, हे तिने ओघानेच दाखवून दिले.

माजरीपासून पूर्वेस, वैनगंगेपलीकडे, १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, अण्यांनी पुसदला विचारलेला प्रश्न तेवढा शिल्लक होता. व्याजाचा वाटा कोणाचा? धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या लहानशा गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालविले, प्रत्येक निर्णय सर्वसहमतीने घेण्याचा परिपाठ घातला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. हक्काचा कागद हाती आला तरी बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना मिळेना. बांबू हे झाड की गवत, या वादात दोन वर्षे गेली. वनस्पतिशास्त्र त्यास गवतच म्हणते. कापले की तो पुन्हा कोंब फोडतो. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले, आणि त्या दिवसापासून मेंढ्याचा बांबू मेंढ्याच्याच सहीने गावाबाहेर जाऊ लागला.